यंत्राच्या हाती पाय देताना

पक्षाघातानं आडव्या झालेल्या माणसाला पुन्हा चालतं करणं हे हातांचं काम आहे, यंत्राचं नव्हे, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना तसंच शिकवलं, रुग्णांच्या घरच्यांना तसंच सांगितलं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयानं चालायला शिकवणारा रोबोट आणला, तेव्हा तिथं काम करणाऱ्या मैत्रिणीशी मी त्यावरून कडाक्याचा वाद घातला होता. आता मी तसं म्हणत नाही. मत कशानं बदललं, किती बदललं आणि कुठे तसूभरही बदललं नाही, हे मी उघडपणे सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर विसंबून काही घरांनी त्या यंत्राचा विचारच सोडून दिला होता.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. आमची पिढी बोबाथ पद्धतीत तयार झाली. बर्लिन सोडून लंडनला स्थायिक झालेल्या बर्टा बोबाथ आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर बसवलेली ही पद्धत. तिच्यात थेरपिस्टचा हात हेच मुख्य साधन. रुग्णाच्या कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवले की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, लुळ्या बाजूवर यायला तो कचरतोय का, मांडीचा स्नायू ताठरायला लागलाय का, श्वास कधी रोखला गेला, हे सगळं कळतं. ते कळायला मला बरीच वर्षं लागली आणि त्या कसबाचा मला आजही अभिमान आहे. मोटारीवर हलणाऱ्या सांगाड्याला यातलं काय कळणार, असा माझा प्रश्न असे.

त्याच्या जोडीला आणखी एक शिकवण मनात घट्ट बसलेली होती: चुकीचं चालू द्यायचं नाही. पाय बाहेरून गोल फिरवत टाकायची सवय एकदा लागली की ती सुटता सुटत नाही. म्हणून आधी बसणं नीट, मग उभं राहणं नीट, मग लुळ्या पायावर भार घेणं नीट, आणि चालणं त्यानंतर. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. यात रुग्णाचे किती आठवडे न चालता निघून जातात, याकडे मात्र माझं लक्ष नव्हतं.

ते लक्ष वेधलं एका साध्या मोजणीनं. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांवर पक्षाघाताच्या रुग्णांची ३१२ उपचारसत्रं जवळ बसून पाहिली आणि रुग्ण कोणती हालचाल किती वेळा करतो ते मोजलं. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. ज्या सत्रांत चालण्याचा सराव होता, त्यांत पडलेली पावलं सरासरी ३५७. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना असं काही पुन्हा शिकवायचं असेल, तर एका बैठकीत हजारावर पावलं चालवतात. मेंदूला शाबूत राहिलेल्या भागातून नवी वाट पाडायची असते आणि ती पुन्हापुन्हा वापरूनच पडते, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. मग मी आमच्याच विभागात विद्यार्थ्यांना पावलं मोजायला बसवलं. आकडा त्या ३५७ पेक्षाही बराच खाली आला. आमच्याकडे कुणी आळशी नव्हतं. पण रुग्णाला खुर्चीतून उठवायचं, गुडघ्याला पट्टा बांधायचा, रक्तदाब बघायचा, दोघांनी धरून पॅरलल बारमध्ये उभं करायचं, चार पावलांनी दम लागला की बसवायचं, घाम पुसायचा, पुन्हा उठवायचं. तास संपतो, पावलं पडत नाहीत. जो माणूस थोडाफार चालू शकतो त्याचं भागतं. ज्याला उभंही राहता येत नाही, त्याच्या वाट्याला चालण्याचा सराव जवळजवळ येतच नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी.

या यंत्रांचा इतिहास मी त्यानंतर नीट वाचला. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पावलांची मूळ लय मज्जारज्जूतच तयार होते, मेंदूशी असलेला संबंध तुटला तरी ती पुरती विझत नाही. पुढे माँट्रियलला ह्यूग बार्बो आणि सर्ज रोसिन्योल यांनी मज्जारज्जू छेदलेल्या प्रौढ मांजरांना आधार देऊन फिरत्या पट्ट्यावर चालवलं, तेव्हा सरावानं ती मागच्या पायांनी पुन्हा पावलं टाकू लागली. जर्मनीत आंतोन वेर्निग यांनी हाच धागा माणसांच्या उपचारात नेला. वरून पट्ट्यांनी रुग्णाचा काही भार उचलायचा, खाली ट्रेडमिल हळूहळू फिरवायची, आणि दोन बाजूंना बुटक्या स्टुलांवर बसलेल्या दोन थेरपिस्टनी त्याचे पाय हातांनी उचलून पुढे टाकायचे.

हे काम मी केलेलं आहे. एका हातात घोटा, दुसऱ्या हातात गुडघा, कंबर वळलेली, आणि पट्टा तर थांबत नाही. पाय ताठर असला की प्रत्येक पावलाला झगडावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांत पाठ बोलायला लागते आणि हाताची लय बिघडते. मग रुग्णाचं पाऊलही बिघडतं. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात हीच अडचण होती. तिथं गेरी कोलोम्बो या अभियंत्यानं तिच्यावर उपाय म्हणून मोटारींचा सांगाडा बनवला. मांडी आणि पोटरीला पट्ट्यांनी बांधायचा, खुबा आणि गुडघा यांच्याशी मोटारी जुळवायच्या, बाकी ट्रेडमिल आणि वरचा आधार तसाच. तो ‘लोकोमॅट’ या नावानं जगभर गेला. बर्लिनमध्ये श्टेफान हेस्से यांनी वेगळी वाट काढली: रुग्णाची पावलं दोन फळ्यांवर ठेवायची आणि त्या फळ्याच पाऊल टाकल्यासारख्या फिरवायच्या. दोघांचेही शोधनिबंध २००० साली आले. थेरपिस्टला हटवण्यासाठी नाही, तिच्या मोडणाऱ्या पाठीसाठी हे यंत्र जन्मलं, हे मैत्रिणीशी वाद घालताना मला ठाऊकच नव्हतं.

त्या वादात माझ्याकडे पुरावेही होते, आणि ते खोटे नव्हते. २००८ साली जॉर्ज हॉर्नबी यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात जुना पक्षाघात असलेल्या ४८ जणांची तुलना झाली. यंत्रानं चालवलेल्यांपेक्षा थेरपिस्टच्या हातांनी चालवलेल्यांचा वेग जास्त सुधारला. पुढच्याच वर्षी जोसेफ हिडलर यांच्या अनेक केंद्रांवरच्या चाचणीतही नेहमीच्या उपचारानं लोकोमॅटवर मात केली. हे दोन निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देत असे. मात्र दोन्ही चाचण्यांत घेतलेले रुग्ण कसे होते, यावर मी त्यांना कधी थांबायला लावलं नाही. ती माणसं आधीच थोडीफार चालत होती.

जर्मनीतल्या चार केंद्रांवर झालेली चाचणी २००७ साली मार्कस पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली होती. तिच्यात १५५ जण होते, सगळे पक्षाघाताच्या सुरुवातीच्या काळातले आणि आधाराशिवाय चालू न शकणारे. निम्म्यांना रोज ४५ मिनिटं फिजिओथेरपी. उरलेल्यांना २० मिनिटं हेस्से यांचं यंत्र आणि २५ मिनिटं फिजिओथेरपी. वेळ दोघांना सारखाच. चार आठवड्यांनी यंत्राच्या गटातले ७७ पैकी ४१ जण स्वतंत्रपणे चालत होते. दुसऱ्या गटातले ७८ पैकी १७. मी हा निबंध पुन्हा पुन्हा वाचला. त्या २० मिनिटांत हे यंत्र ८०० ते १,००० पावलं टाकून घेतं. आमच्या विभागात त्याला आठवडा लागला असता.

यान मेयरहोल्ट्स यांच्या गटानं अशा चाचण्या एकत्र करून वैद्यकीय चाचण्यांचे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कोक्रेन संस्थेसाठी जो आढावा घेतला, त्याच्या २०२० च्या आवृत्तीत ६२ चाचण्या आणि २,४४० रुग्ण आहेत. त्याचा निष्कर्ष माझ्या जुन्या आणि नव्या मताच्या बरोबर मधोमध पडतो. यंत्र आणि फिजिओथेरपी दोन्ही मिळाली तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वांत जास्त लाभ पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि अजिबात चालू न शकणाऱ्या रुग्णांना होतो. जो चालतोय त्याला यंत्रात बांधायचं कारण नाही. जो उभाच राहू शकत नाही, त्याला ते नाकारायचंही कारण नाही. मी मात्र सगळ्यांनाच नाकारत होते.

कागदावरचं पटलं तरी मन लगेच वळत नाही. ते वळलं सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. उंच, भारदस्त देह. पक्षाघाताला काही आठवडे झालेले. उठवायला दोन माणसं लागत आणि तिसरं पाऊल पडायच्या आत गुडघा वाकून ते खाली बसत. त्यांच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, बाबांना तिकडे मशीनवर नेऊ का? तुम्ही नको म्हणाल तर नाही नेत.” या वेळी मी नको म्हटलं नाही. त्यांच्याबरोबर मैत्रिणीच्या रुग्णालयात गेले.

मापं घेऊन पट्टे बांधायलाच बराच वेळ गेला. पट्टा फिरू लागला, सांगाड्यानं पाय उचलला, आणि मला एक गोष्ट जाणवली जी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. मी गुरुजींच्या समोर उभी होते. एरवी मी रुग्णाच्या गुडघ्याशी बसलेली असते किंवा पाठीमागून कमरेला धरलेली. चालणाऱ्या रुग्णाचा चेहरा मला कधी दिसतच नाही. इथं माझे दोन्ही हात मोकळे होते. ते खाली बघतायत, हे मला दिसत होतं. “गुरुजी, वर बघा, माझ्याकडे” म्हटलं की मान वर येई आणि पाठ सरळ होई. लुळा पाय पुढे जायच्या क्षणी कपाळाला आठी पडली की ते खरोखर जोर लावतायत हे कळे, आठी नसली की यंत्रच काम करतंय हेही कळे. मैत्रीण त्यानुसार यंत्राची मदत कमी-जास्त करत होती. मग मी बाजूला जाऊन कमरेवर तळवा ठेवला, आणि पाऊल यंत्र टाकत असताना वजन कुठं जातंय ते माझ्या हाताला समजलं. माझं कसब वाया गेलं नव्हतं; उलट ओझं उचलण्यातून ते पहिल्यांदाच मोकळं झालं होतं.

गुरुजी आज चार पायांची काठी घेऊन घरात आणि अंगणात चालतात. याचं श्रेय मी एकट्या यंत्राला देणार नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःही पुष्कळ सावरतो, आणि त्यांच्या मुलीनं घरी करून घेतलेला व्यायाम मी कमी लेखत नाही. यंत्राविना ते चाललेच नसते असंही म्हणता येणार नाही. मला एवढंच खात्रीनं सांगता येतं, की त्या आठवड्यांत माझ्या हातांनी त्यांना इतकी पावलं देता आली नसती.

तोलाच्या बाबतीत माझं मत आणखी खोलवर हललं, आणि ते कुठल्या आकड्यानं नाही. रुग्णाला पडू द्यायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. चांगली थेरपिस्ट कोण, तर जिच्या हातून रुग्ण कधी पडला नाही ती. म्हणून आम्ही त्याला घट्ट धरतो, तो जरा झुकला की सावरतो. पण तोल सावरायला शिकायचं तर तोल जावा लागतो. तो जातोय हे पायाला, कानातल्या यंत्रणेला, डोळ्याला कळावं लागतं आणि शरीरानं स्वतः झटकन पाऊल टाकून तो परत मिळवावा लागतो. मी आधीच सावरत असल्यामुळे माझ्या रुग्णांना ती संधीच मिळत नव्हती. बर्ग यांच्या तोलाच्या चाचणीत ५६ पैकी चांगले गुण मिळवून घरी गेलेली माणसं न्हाणीघरात पडलेली मी पाहिली आहेत.

छतावरच्या रुळाला टांगलेला झेला, म्हणजे अंगाभोवती घ्यायचे आधाराचे पट्टे, बांधला की हे बदलतं. झेला चालण्यात अडथळा आणत नाही. माणूस खरोखर कोसळायला लागला तरच तो धरतो. आमच्याकडे खेड्यात पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात, तसंच हे. नाकातोंडात पाणी जातं, पण पोर बुडत नाही, आणि त्यामुळेच हात मारायला शिकतं. झेला बांधलेल्या रुग्णाला मी खांद्यावरून धक्का देऊ शकते, ट्रेडमिलचा पट्टा अचानक जरासा पळवू शकते, एका पायावर उभं राहायला सांगू शकते. पायाखालची फळी मोटारीनं कलवून, पडद्यावरचं चित्र बघत तोल राखायला लावणारी यंत्रंही आता आहेत. पण माझ्या दृष्टीनं खरी किमया त्या साध्या रुळाची आणि झेल्याची. पहिल्यांदा टांगलेल्या अवस्थेत अडखळून स्वतःच्या पायावर सावरलेली माणसं एकदम धीट होतात. पडण्याची भीती पक्षाघातानंतर माणसाला खुर्चीला खिळवते, आणि ती भीती माझ्या सावध हातांनी वाढत होती, असं मला आता वाटतं.

यंत्राचं सगळंच मान्य झालं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सांगाडा पाय हलवतो म्हटल्यावर माणूस अंग सोडून देतो, आणि हे मोजलेलंही आहे. २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात यंत्रात चालणाऱ्यांना लागणारा प्राणवायू थेरपिस्टच्या मदतीनं चालणाऱ्यांपेक्षा कमी भरला. जास्तीत जास्त जोर लावा असं सांगितलं, तेव्हाच हा फरक पुसट झाला. समोर उभं राहून “तुम्ही टाका पाऊल, मशीनला टाकू देऊ नका” म्हणणारं माणूस नसेल, तर हजार पावलं पडूनही शिकणं थोडंच होतं. सुरुवातीच्या यंत्रांत कंबर जवळपास जखडलेली असे, त्यामुळे एका पायावरून दुसऱ्यावर भार नेण्याचा सरावच होत नसे. पुढच्या आवृत्त्यांत ती बाजूला सरकू लागली. आणि सपाट पट्ट्यावर उंबरठा नसतो. ओली फरशी नसते, एसटीची उंच पायरी नसते, जमिनीवर मांडी घालून बसून उठणं नसतं. ते सगळं आमच्याच हातांनी शिकवायचं आहे.

सर्वांत जास्त राग मला जाहिरातींचा येतो. मणक्याला मार लागून मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या तरुण मुलाच्या आईवडिलांना ‘रोबोटनं चालतं करू’ असं सांगून महिन्यांची पॅकेजं विकली गेलेली मी पाहिली आहेत. जमीन विकून आलेली माणसं असतात ती. सांगाडा त्या मुलाचे पाय हलवील. तुटलेला मज्जारज्जू जोडणार नाही. दुखापत अर्धवट असेल, बोटात थोडी तरी संवेदना किंवा हालचाल असेल, तर गोष्ट वेगळी, आणि ती तपासून सांगता येते. न तपासता आशा विकणं हा गुन्हा मानला गेला पाहिजे.

‘जितकं लवकर आणि जितकं जास्त, तितकं चांगलं’ हेही खरं नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार हालचाल करायला लावलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी चांगली होती. डॉक्टरांनी प्रकृती स्थिर झाल्याचं सांगितल्यावर पुढचे आठवडे मोलाचे असतात. आपल्याकडे नेमके तेच तेलमालिशीत आणि कुणी सांगितलेल्या जडीबुटीत जातात.

पैशाचं बोलायला हवं. परदेशी यंत्राची किंमत कोटींत जाते, म्हणून ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच दिसतात. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सनं, मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ बनवणाऱ्या त्याच कंपनीनं, ‘जी-गेटर’ हे चालायला शिकवणारं यंत्र देशात बनवलं आणि केरळनं ते सरकारी रुग्णालयात बसवलं. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पक्षाघाताच्या रुग्णानं पहिल्या तीन महिन्यांत मुंबई कशी गाठायची? मला विचाराल तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आधी छताचा रूळ, झेला, साधी ट्रेडमिल आणि पुरेशा फिजिओथेरपिस्ट हव्यात. रोबोट त्यानंतर, प्रत्येक महसुली विभागात निदान एक, आणि तो सरकारी दवाखान्यात.

तुमच्या घरी कुणाला पक्षाघात झाला असेल आणि प्रकृती स्थिर असूनही ते उभे राहू शकत नसतील, तर पहिल्या तीन महिन्यांतच विचारा: इथं किंवा जवळपास वरून आधार देऊन चालवण्याची सोय आहे का? असेल तर रुग्ण यंत्रात असताना समोर थेरपिस्ट कोण उभी राहणार, हेही विचारा. फक्त मशीन चालवणारा ऑपरेटर असेल तर पैसे देऊ नका. आणि माझ्यासारख्या एखाद्या अनुभवी फिजिओनं तुम्हाला हे सगळं नाटक आहे असं सांगितलं, तर तिचं ऐकून घ्या, पण दुसरं मत घेतल्याशिवाय थांबू नका.